हॉवर्डसाहेबाचा उकिरडा

(घाटकोपर येथील बुद्धविहारात वर्षावास प्रवचनमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यकर्ते माझ्याकडे विषय घेऊन आले तेव्हा मी त्यांना म्हटले, अहो, मी निवृत्त शिक्षक. गावाकडे माझ्या नावावर एक गुंठा जमीन नाही. मी सेंद्रिय शेतीवर काय बोलणार? त्यावर एक तरुण म्हणाला, "सर, आपल्यापैकी जमीन आहे कुणाला? मग बोलायचंच नाही का?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे.

वर्षावासाचे निमित्त आहे, म्हणून सुरुवातीला एक गोष्ट सांगतो. पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहावे हा नियम का झाला, हे विनयात दिले आहे. लोकांची तक्रार अशी होती की, हे श्रमण पावसाळ्यातही हिंडतात, कोवळे गवत-रोपटी तुडवतात, बारीकसारीक जीव पायाखाली चिरडतात. तथागतांनी ही तक्रार ऐकून घेतली आणि नियम घालून दिला. म्हणजे आपण ज्या प्रथेनिमित्त येथे जमलो आहोत, तिच्या मुळाशीच शिवारातले हिरवे अंकुर आहेत. पर्यावरण हा शब्द तेव्हा नव्हता, एवढेच.

आता मूळ विषयाकडे येतो. आज 'सेंद्रिय' हा शब्द फार ऐकू येतो. मुलुंड-घाटकोपरच्या मोठ्या दुकानांत सेंद्रिय तांदूळ, सेंद्रिय गूळ चढ्या भावाने मिळतो, आणि अनेकांना वाटते की हे खूळ परदेशातून आले. एका अर्थी ते खरे आहे. पण परदेशात ते कोठून गेले? त्याचा एक मोठा झरा आपल्या होळकरांच्या इंदूरला निघतो, आणि तो एका साहेबाने आपल्याच शेणात, मुतात आणि काडीकचऱ्यात हात घालून शोधलेला आहे.

अल्बर्ट हॉवर्ड हे त्या साहेबाचे नाव. जन्म १८७३ चा, इंग्लंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. १९०५ साली तो सरकारी वनस्पतितज्ज्ञ म्हणून बिहारमधील पुसा येथे आला. इथल्या अडाणी शेतकऱ्याला विलायती शास्त्र शिकवावे, ही त्या काळच्या साहेबांची समजूत. हॉवर्डला मात्र वेगळेच दिसले. आजूबाजूच्या शेतकऱ्यांची पिके औषध न फवारता बऱ्यापैकी निरोगी असत. तेव्हा त्याने ठरवले की, हे शेतकरी आणि पिकांवरची कीड हेच आपले प्राध्यापक. कीड पडली तर औषध मारण्याआधी जमिनीत काय कमी आहे ते पाहायचे. पुढे त्याने लिहून ठेवले आहे की, त्याचे बैल शेजारच्या लाळ-खुरकत झालेल्या जनावरांच्या नाकाला नाक लावत, तरी त्यांना तो रोग झाला नाही. कारण त्यांचा चारा कसदार जमिनीतला होता. या एका निरीक्षणावरून सगळे सिद्ध होते असे मी म्हणणार नाही. तुमच्या घरी गाय असेल तर तिला लस जरूर टोचून घ्या.

१९२४ साली हॉवर्ड आणि त्याची पत्नी गॅब्रिएल, जी स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होती, इंदूरला आले. इंदूर दरबाराने तीनशे एकर जमीन दिली, आणि तेथे वनस्पती उद्योग संस्था उभी राहिली. १९३१ पर्यंत हॉवर्ड तेथे होता. या मुक्कामात जी खत करण्याची रीत बसवली गेली, तिला जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात. तिच्यावरचे पुस्तक १९३१ साली ऑक्सफर्डने छापले. त्यावर दोन लेखकांची नावे आहेत: एक अल्बर्ट हॉवर्ड आणि दुसरे यशवंत वाड. हे वाड संस्थेत रसायनशास्त्राचे काम पाहत. हॉवर्डला पुढे 'सर' ही पदवी मिळाली, त्याचे १९४० सालचे पुस्तक जगभर गेले, त्याच सुमारास इंग्लंडमध्ये 'सेंद्रिय शेती' हा शब्द रूढ होऊ लागला, अमेरिकेत त्याच्या विचाराने मासिक निघाले. वाडांचे नाव मात्र आपल्या लोकांनाही ठाऊक नाही.

रीत काय होती, ती थोडक्यात सांगतो, कारण पुढे तिचा उपयोग आहे. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल असा खड्डा. त्यात शेतातला सर्व काडीकचरा: गवत, पाला, तण, उसाची पाचट, कापसाच्या पऱ्हाट्या. पऱ्हाटी लाकडासारखी कडक, ती कुजायची कशी? तर ती आधी शेतातल्या रस्त्यावर पसरायची, बैलगाड्या तिच्यावरून जाऊ द्यायच्या, म्हणजे ती आपोआप चुरडते. नंतर ती बैलांच्या पायाखाली अंथरायची. मग खड्ड्यात थरावर थर: काडीकचरा, थोडे शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती, चुलीतली राख, वरून पाणी. ढीग तापतो, साठ-पासष्ट अंशांपर्यंत जातो. तीन महिन्यांत तीन वेळा उलथापालथ करायची, की खत तयार. यात खुबी अशी की शेण थोडे लागते आणि खत पुष्कळ होते, कारण शेण हे विरजणासारखे वापरायचे. आणि दुसरी खुबी म्हणजे वारा. ढिगाला श्वास घेता आला पाहिजे. हवा कोंडली तर तो कुजत नाही, सडतो.

आता तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? आमच्या आज्या-पणज्या उकिरडा करतच होत्या. खरे आहे. उकिरडा आपला होताच. परंतु आपल्याकडे शेणाच्या गोवऱ्या थापून जाळल्या जात, मूत वाहून जाई, आणि उकिरडा पावसात धुपून जाई. हॉवर्डला याची फार हळहळ वाटे. त्याने इथला उकिरडा आणि चीन-जपानमधील शेतकऱ्यांची रीत यांची सांगड घातली, तिला मोजमाप लावले. ती चिनी रीत त्याला किंग नावाच्या अमेरिकन माणसाच्या १९११ सालच्या पुस्तकातून कळली होती. म्हणजे एका परकीयाने पाहिले, दुसऱ्या परकीयाने वाचले आणि इंदूरला ते हिंदी मजुरांच्या हातून पार पडले.

मजुरांचा उल्लेख मी मुद्दाम केला. हॉवर्डच्या लिखाणात मजुरीविषयी मजकूर आहे, तो मला खतापेक्षाही मोलाचा वाटतो. चांगले मजूर टिकवायचे तर काय करावे? पगार पूर्ण आणि ठरल्या वेळी द्यावा, कामाचे तास माफक ठेवून विश्रांती द्यावी, राहायला नीट जागा आणि स्वच्छ पाणी द्यावे, आजारपणात औषध द्यावे. त्याने इंदूरला तसे केले आणि मजूर मिळाले. शेण, मूत, राख, चिखल यांचे काम होते. पण त्या कामाचे तास होते, पगार होता, आणि संध्याकाळी माणूस हात धुऊन घरी जात होता.

बंधू-भगिनींनो, आता त्याच काळातले आपले घर पाहा. इंदूरपासून पंचवीसएक किलोमीटरवर महू आहे, जेथे १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. हॉवर्ड इंदूरला आला त्या १९२४ सालीच बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. आणि हॉवर्डचे खड्डे इंदूरला तापत होते, त्या १९२७ सालच्या मार्चमध्ये महाडला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर तळे बाटले म्हणून शुद्धी झाली. शुद्धी कशाने? पंचगव्याने, म्हणजे ज्यात शेण आणि गोमूत्रही असते त्याने! इंदूरला एक परदेशी माणूस शेण शेतात कसे जाईल याचा विचार करीत होता, आणि महाडला आमचेच देशबांधव ते पिण्याच्या पाण्यात ओतत होते, कारण माणसाने त्याला हात लावला. शेणाचा विटाळ नव्हता. विटाळ आमचा होता.

म्हणून कोणी मला सांगू लागला की, जुने खेडे किती पर्यावरणपूरक होते, काही वाया जात नव्हते, सर्व मातीला परत जात होते, तर मी विचारतो, परत कोण नेत होते? मेलेले जनावर कोण ओढत होते? गावाचा केर कोण काढीत होते? आमचे आजोबा खोताच्या भातखाचरात टोपलीने शेणखत वाहत. खत आमच्या डोक्यावर, पीक खोताच्या कोठीत. बाबासाहेबांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते यासाठीच. आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याची आरती ओवाळणाऱ्यांना त्यांनी जे खडे बोल सुनावले, तेही यासाठीच. मेलेली गुरे ओढू नका, मृतमांस खाऊ नका, खेडे सोडा, शहरात जा, शिका, हे त्यांनी सांगितले आणि आपण ते केले. ते केले म्हणून आज मी मास्तर आहे आणि तुमच्यापैकी कितीतरी जण बँकेत, रेल्वेत, मंत्रालयात आहेत.

हॉवर्डच्या नजरेलाही मर्यादा होती. शेतकऱ्याचे तो भरभरून कौतुक करतो. पण ज्याला जमीनच नाही, जो बांधाच्या पलीकडे उभा केला गेला, तो त्याच्या पुस्तकात मजुरीच्या प्रकरणापुरताच येतो. परक्याला शिवार दिसते, गावकूस सहसा दिसत नाही.

अपवादही सांगतो, आणि तो त्याच इंदूरचा आहे. हॉवर्डच्या आधी, १९१७ साली, पॅट्रिक गेडेस नावाचा स्कॉटिश नगररचनाकार इंदूरला होता. पुढे १९१९ साली तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. इंदूरला तेव्हा प्लेगचे भय होते. गेडेसने दिवाळीत एक मिरवणूक काढली आणि जाहीर केले की, जो मोहल्ला सर्वांत स्वच्छ असेल त्या रस्त्याने ती जाईल. लोकांनी घरे झाडली, अंगणे साफ केली. मिरवणुकीत घाणीच्या राक्षसाचा आणि प्लेगच्या उंदराचा पुतळा होता. आणि राजाच्या लवाजम्याबरोबर शहरातले सफाई कामगारही स्वच्छ कपड्यांत, नव्या झाडूंसह, गळ्यात हार घालून चालले. एका दिवसाचा सन्मान, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच झाडू, हे मला कळते. तरीही केर काढणाऱ्यांना राजरस्त्याने मिरवावे हे एका परक्याला सुचले, आपल्या शास्त्रीपंडितांना सुचले नाही.

माझे वडील मुंबईत सफाईच्या कामाला होते. संध्याकाळी घरी आले की आधी नळावर जायचे, तीन वेळा साबणाने हात धुवायचे, आणि मगच आम्हा भावंडांना जवळ घ्यायचे. त्यांच्या हाताला वास येत नसे. पण त्यांना तो येत असे. मला शिकवण्यामागे त्यांची एकच जिद्द होती, की या पोराच्या हाताला कचरा लागू नये. तेव्हा तुम्हाला काय वाटेल, जेव्हा मी सत्तरी गाठल्यावर कचऱ्यात हात घातला?

झाले असे. मोठ्या सोसायट्यांनी आपला ओला कचरा आपल्याच आवारात जिरवावा, असा आग्रह २०१७ पासून मुंबईत सुरू झाला. आमची इमारत लहान. तरी मी सभेत म्हटले की, आपणही करू. दोन मोठी पिंपे आणली. उत्साहाने घराघरातला भाजीपाला, शिळे अन्न, फळांच्या साली आत टाकल्या, वर घट्ट झाकण लावले. पंधरा दिवसांत जी दुर्गंधी सुटली, ती काय सांगू! तळमजल्यावरच्या वहिनींनी खिडक्या बंद केल्या, पोरे नाक धरून पळू लागली. एक गृहस्थ मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "शेवटी वळणावरच गेले." त्या रात्री मला झोप लागली नाही. वडिलांचे हात आठवत होते.

दुसऱ्या दिवशी मी पिंपे फेकून देणार होतो. परंतु आमच्या ओळखीत एक ताई आहेत, परभणीकडच्या. १९७२ च्या दुष्काळात आईबापाबरोबर मुंबईला आल्या आणि देवनारच्या डंपिंग ग्राउंडवर कागद-काच-पत्रा वेचून त्यांनी तीन मुले वाढवली. पुढे संघटनेत गेल्या, खत करण्याचे शिक्षण घेतले, आणि आता काही सोसायट्यांचे खत त्या पगारावर सांभाळतात. त्यांनी पिंपाचे झाकण उघडले, आत हात घातला आणि म्हणाल्या, "गुरुजी, हे कुजलं न्हाई, सडलंय. ह्याला वारा कुठंय? जीव गुदमरलाय त्याचा." मग त्यांनी पिंपाला चहूबाजूंनी भोके पाडायला लावली, सगळा माल उपसून त्यात वाळलेला पाला आणि नारळाचा काथ्या मिसळला, विरजण म्हणून जुने खत टाकले आणि आठवड्यातून दोनदा खालीवर करायला सांगितले. आठ दिवसांत वास गेला. अडीच-तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत, पहिल्या पावसातल्या मातीचा वास असलेले खत हाती आले.

हॉवर्डचे नाव त्या ताईंना ठाऊक नव्हते. मी त्यांना इंदूरची हकीकत सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "पुस्तक लिहिलं का त्यानं? आमचं कोण लिहितंय!" आणि हसल्या.

त्यांच्यासारख्या हजारो आहेत. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून मुंबईतल्या कचरावेचक भगिनींमध्ये परिसर विकासाचे काम उभे केले. या भगिनी पाहिल्या तर बहुसंख्य मराठवाड्यातल्या, दुष्काळाने हुसकलेल्या, भूमिहीन, बौद्ध आणि मातंग समाजातल्या. म्हणजे ज्यांना गावात जमीन मिळाली नाही, त्यांना मुंबईने जमीन दिली ती देवनारची! १९२७ पासून या शहराचा कचरा तेथे पडतो आहे. हवा न लागता दडपलेला ओला कचरा म्हणजे आमचे ते पहिले पिंपच, डोंगराएवढे. त्यातून जळणारा वायू निघतो. २०१६ च्या जानेवारीत देवनार पेटले तेव्हा धूर साऱ्या शहरावर पसरला आणि मग सगळ्यांना कचऱ्याची आठवण झाली. मुलुंडचे डंपिंग २०१८ साली बंद झाले. तेथल्या रहिवाशांना मोकळा श्वास मिळाला, ही आनंदाची गोष्ट. पण कचरा संपला नाही, त्याचा पत्ता बदलला.

आपल्यातले सुशिक्षित तरुण मला विचारतात, आणि रागाने विचारतात: "सर, ज्या घाणीतून बाबासाहेबांनी बाहेर काढलं, त्याच घाणीत पुन्हा हात घालायला सांगता?" या प्रश्नाचा मी आदर करतो. माझे म्हणणे एवढेच की, दुसऱ्याच्या घरची घाण जन्मामुळे उचलणे ही गुलामी. ती कदापि नको. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उचलायला लावणे हा गुन्हा आहे, आणि तरीही गटारात माणसे मरतात, हे विसरू नका. परंतु आपल्या घरची साल आपण आपल्या पिंपात टाकणे ही गुलामी नव्हे. उलट, ज्या घरातले लोक स्वतःची साल स्वतः जिरवतात, त्या घरासाठी कोणाला अस्पृश्य व्हावे लागत नाही. 'वळणावर गेले' म्हणणाऱ्या त्या गृहस्थांनाही मी हेच सांगितले. ते आता रविवारी खत हलवायला येतात. तोंड वाकडे करतात, पण येतात.

दुसरा मुद्दा जमिनीचा. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. त्यातून आणि पुढच्या लढ्यांतून आपले लोक गायराने कसू लागले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली केला. तरी कित्येकांच्या हाती अजून सातबारा नाही. ही गायराने कशी? मुरमाड, दगडगोट्यांची. तेथे खताच्या पोत्याला पैसे नाहीत, सावकार दारात उभा. अशा जमिनीला इंदूरची रीत फार उपयोगी आहे, कारण तिला शेण थोडे लागते. पाला, तण, पऱ्हाटी फुकट मिळते. आणि अंगमेहनतीत आपण कोणाला हार जाणारे नाही. ज्यांचे नातेवाईक मराठवाड्यात गायरान कसतात, त्यांनी हे त्यांना जरूर कळवावे.

मात्र घाई नको. श्रीलंका हा आपल्या धम्माचा देश. तेथील सरकारने २०२१ साली एकाएकी रासायनिक खतावर बंदी घातली. शेतकऱ्याला तयारीला वेळ दिला नाही. भाताचे पीक घटले, चहाचे नुकसान झाले आणि काही महिन्यांतच बंदी मागे घ्यावी लागली. जमिनीची भूक वर्षानुवर्षांची असते, ती एका हुकमाने भागत नाही. गरीब शेतकऱ्याने एकदम सगळे रान बदलू नये. आधी एक वाफा, मग एक पट्टा.

ताईंना मी विचारले होते की, या कामात तुम्हाला कमीपणा वाटतो का? त्या म्हणाल्या, "डंपिंगवर वाटायचा. आता महिन्याला पगार येतो, हातमोजे हायेत, लोक 'ताई' म्हणत्यात. पगार उशिरा दिला की मग वाटतो."

आमच्या पिंपातले खत या वेळी पाच पोती निघाले आहे. त्यातले दोन पोती मी विहाराच्या आवारातल्या बोधिवृक्षासाठी आणले आहे, ते बाहेर ठेवले आहे. उरलेले ज्यांना कुंड्यांसाठी हवे असेल त्यांनी घेऊन जावे, पैसे नकोत; पण पिशवी आपली आणावी. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता ताई येथे येऊन विहारासाठी दोन पिंपे बसवून दाखवणार आहेत. त्यांचे मानधन मंडळाने ठरवले आहे, आणि ते त्याच दिवशी त्यांच्या हातात द्यावे अशी माझी अध्यक्षांना विनंती आहे. येताना वाळलेला पाला आणा. पिंपळाचा, आंब्याचा, कसलाही चालेल.